भांडायला शिकवाल का?

सुनीती खालच्या बेकरीत उतरली होती ती फक्त चहासोबत खायला काहीतरी घ्यायला. बाहेर श्रावणातली भुरभुर, आत लोणी-साखरेचा गरम वास, आणि काउंटरवर चक्क भांडण! पुण्यात फुकटात याहून चांगली करमणूक कुठली? ती बिस्किटांच्या बरण्यांआड थांबली.

भांडत होते दीनानाथ काका, म्हणजे समोरच्या सोसायटीचे चेअरमन. निवृत्त, आणि म्हणून पूर्णवेळ मोकळे. काउंटरमागे होता नाओकी. ओसाकाच्या एका बाईंनी कर्वेनगरात जपानी पावांचं दुकान काढलं आणि ते सांभाळायला याला पाठवलं होतं. बिचारा मान खाली घालून मराठी शिकला होता. पण पुस्तकातलं मराठी वेगळं आणि दीनानाथ काका वेगळे.

"हा पाव दाबला की परत वर येतो." काकांनी दाबून दाखवला. पाव वर आला. "कच्चा आहे."

"क्षमा असावी." नाओकी कमरेतून वाकला.

"म्हणजे कच्चा आहे हे मान्य?"

"आपल्याला त्रास झाला. अत्यंत क्षमा असावी." आणखी खाली.

इथेच गाडी घसरली. त्याच्या गावी गिऱ्हाईक चिडलं की आधी माफी, खरं-खोटं मागाहून. पण पुणेकर तक्रार घेऊन येतो तो तासभर वाद घालायच्या तयारीने. समोरच्याने पहिल्याच वाक्याला शरणागती पत्करली, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

"इतका वाकतोयस म्हणजे नक्की भेसळ आहे," काका म्हणाले. "उद्यापर्यंत खुलासा हवा. नाहीतर सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकतो!" आणि छत्री फटकन उघडून ते चालते झाले.

नाओकी अजून वाकलेलाच.

"उठा आता, गेले ते," सुनीती म्हणाली. "असेच वाकत राहिलात तर माझ्याकडे यावं लागेल. वर फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे माझं."

तो सरळ झाला. केसांवर मैदा, कान लालबुंद, आणि डोळे... हे डोळे आपण जाता-येता पाहिलेच कसे नाहीत?

"ग्रुपवर गेलं तर दुकान बंद होईल," तो हळूच म्हणाला. "आधीच गर्दी नाही. मालकीणबाई मला परत बोलावतील. आणि मला... इथे राहायचं आहे."

"इथे? का बुवा?"

"आपण रोज जिन्यात गुणगुणत उतरता." मग घाईघाईने – "क्षमा असावी!"

सुनीतीला खरं तर पाव घेऊन निघायचं होतं. तिने स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं.

"पहिला धडा. माफी बंद. काका उद्या भांडायला येतील. त्यांना भांडण द्या."

"पण ते ग्राहक आहेत..."

"म्हणूनच! तुम्ही वाद घातला नाहीत की त्यांना वाटतं, याला स्वतःच्याच पावाची लाज वाटते. पाव चांगला आहे का?"

नाओकी ताठ झाला. "उत्तम आहे."

"मग तोंडावर सांगा. मी काका. हा पाव कच्चा आहे!"

"तसं... नाही?"

"अहो, विचारताय काय? सांगा!"

तालीम दिवे लागेपर्यंत चालली. वरचे पेशंट गुडघे धरून ताटकळले.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा सुनीती त्याच बरण्यांआड होती. "हं, खुलासा?" काकांनी विचारलं. नाओकीची पाठ वाकू लागली... त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि पाठ सरळ झाली.

"पाव कच्चा नाही. थोडं पीठ आधी दुधात शिजवतो, म्हणून मऊ आहे. आपण खात्री न करता बोलता."

"मला शिकवतोस? तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं पाव खातोय मी!"

"इतकी वर्षं कडक पाव खाल्लात. त्यात माझी चूक नाही."

सुनीतीने डोळे गच्च मिटले. हे काही तिने शिकवलं नव्हतं! पण काकांच्या मिशा थरथरल्या आणि चेहऱ्यावर तरतरी आली. यीस्टवरून गाडी हवामानावर गेली, तिथून जपानी शिस्तीवर. शेवटी काकांनी दोन पाव बगलेत मारले. "उद्या येतो. विषय संपलेला नाही." आणि ग्रुपवर लिहिलं – 'पाव बरा आहे.' पुण्यात याहून मोठं कौतुक नाही.

दुकान भरू लागलं. आता शिकवणीची गरज उरली नव्हती, तरी दुपारी सगळं पुणे वामकुक्षी घेत असताना ती चालूच राहिली. चहात आलं की वेलची? कात्रजचं आईस्क्रीम की त्याच्या आजीचा आंबवलेला मुळा? हरायची ती मुद्दाम, कारण जिंकला की तो असा काही हसायचा!

आणि एका दुपारी तो पुन्हा वाकला. तिच्यासमोर.

"मालकीणबाई खूश आहेत. बंगळूरला नवं दुकान काढतायत. मला जायला सांगितलं. मी... होय म्हणालो. क्षमा असावी."

सुनीतीने स्टूल मागे ढकललं. "काकांशी भांडता येतं, आणि हे मुकाट्याने मान्य? ठेवा तुमची क्षमा!"

ती तरातरा वर गेली. पण जिन्याच्या वळणावर पाय अडलेच. काचेतून नाओकी दिसत होता. फोन कानाला, आणि फोनवरसुद्धा वाकणं चालूच. एकदा, पुन्हा एकदा... मग तो थांबला. ताठ उभा राहिला. जपानीतलं तिला अक्षर कळत नव्हतं. पाठ मात्र कळत होती. पाठी वाचणं हाच तर तिचा धंदा!

धापा टाकत तो वर आला. "नाही म्हणालो. बंगळूरला दुसरा माणूस जाईल."

"कारण काय सांगितलंत?"

"खरं तेच. माझं एका मुलीवर प्रेम आहे. तिच्याशी जन्मभर वाद घालायचा आहे."

तिचं काळीज सुपाएवढं झालं. पण ती पुण्याचीच ना! "मान्य नाही," हसू दाबत ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. पाठ वाकू लागली... आणि थांबली. त्याने कमरेवर हात ठेवले.

"का मान्य नाही? कारण सांगा. मी इथून हलणार नाही!"

तिने मैद्याने माखलेला त्याचा हात घट्ट धरला. तेवढ्यात खालून आवाज आला. "दुकान उघडं टाकून कुठे उलथलाय हा? गिऱ्हाइकाची काही किंमत?"

हात न सोडता नाओकी कठड्यावरून ओरडला, "थांबा काका! इथे महत्त्वाचं भांडण चालू आहे!"

आणि दीनानाथ काका, जन्मात पहिल्यांदाच, मुकाट्याने थांबले.