आपोआप उडणारा दिवा

पहिल्यांदा तो उडाला तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून एका डाव्या बुटाची नाडी बांधत होते. कॅमेरा टेबलावर, माझे दोन्ही हात नाडीत, खोलीत दुसरं कुणी नाही — आणि स्टँडवरचा फ्लॅश लख्खकन उडाला. मी वर बघितलं, काही नाही. पुन्हा नाडीकडे वळले, तर पुन्हा उडाला.

"कोण आहे?" मी विचारलं. आपल्याच दिव्याला असं विचारणारी बाई म्हणजे डोक्यावर जरा परिणाम झालेलीच म्हणायची. पण ऐकायला होतं कोण?

मी चपला-बुटांचे फोटो काढते. एक कंपनी घरपोच बूट विकते, तिच्यासाठी. नमुने येतात ते नेहमी एकाच पायाचे, डावे. अख्खा जोड पाठवला तर वाटेत कुणीतरी पायात घालून पसार होईल, अशी त्यांना धास्ती. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिची एकुलती एक खिडकी मी काळ्या कापडाने बंद करून टाकली आहे, कारण बाहेरचा उजेड आत आला की बुटांचे रंग बदलतात. सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळी लावायचं. मधल्या वेळात तोंड उघडायची वेळ येते ती फक्त डबा खाताना. आई दादा-वहिनीकडे असते, दुसऱ्या गावी. ती फोनवर विचारायची, "सोबतीला कुणी आहे ना गं तिथे?" मी सांगायचे, "भरपूर माणसं आहेत." खरं सांगितलं असतं तर दादा दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन माझं सामान न्यायला हजर झाला असता. स्वतःची खोली, स्वतःचं काम, कुणाची लुडबुड नको, असं मीच तर त्याला ठणकावून सांगून आले होते.

तर तो दिवा. लांबचा फ्लॅश उडवायला कॅमेऱ्यावर काडेपेटीएवढी एक डबी बसवतात, तिला ट्रिगर म्हणतात. बटण दाबलं की डबी बिनतारी इशारा देते आणि फ्लॅश उडतो. कॅमेऱ्याच्या कंपनीचा ट्रिगर इतका महाग की किंमत ऐकूनच मी दुकानातल्या स्टुलावर बसले होते. दुकानदार काकांनी मग दुसऱ्या मेकचा पुढे केला. "अगं, आत सगळं तेच असतं. नावाचे पैसे कशाला भरतेस?" मलाही तेच ऐकायचं होतं. आता दिवा आपोआप उडायला लागल्यावर मी काकांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं.

आठवड्याभरात मात्र लक्षात आलं, की या बिघाडाला शिस्त आहे. सकाळी मी पहिला बूट मांडते न मांडते तोच लागोपाठ तीनदा. मग दिवसभर अधूनमधून. जेवणाच्या वेळी अगदी गप्प. आणि संध्याकाळी, मी आवराआवर करत असताना, फक्त एकदा. मी त्याचं नाव भूतराव ठेवलं. सकाळी तीनदा उजेड पडला की मी म्हणायचे, "आलात का?" उशीर झाला तर घड्याळाकडे बघायचे. संध्याकाळचा तो एक उजेड पडेपर्यंत कुलूप हातात घेऊन उगाच रेंगाळायचे.

फोटो बिघडायचे हे खरं. मी बटण दाबायच्या आधी क्षणभर भूतरावांनी दिवा उडवलेला असला, की माझ्या वेळी त्याच्यात जोर उरायचा नाही आणि फोटो काळाकुट्ट. मी पुन्हा काढायचे. पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन तक्रार करता आली असती, पण केली नाही. मला फार एकटं वाटत होतं आणि त्या उजेडाने बरं वाटायचं. यात आणखी काही समजावून सांगण्यासारखं नाही.

मग एक दिवस बुटांच्या कंपनीचे साहेब, फोटो उशिरा का येतात हे बघायला स्वतः आले. टाच नीट दिसते का म्हणून ते दिव्यासमोर वाकले आणि भूतरावांनी नेमका तोच मुहूर्त साधला. साहेब डोळे चोळत भिंतीला टेकले.

"लोकल माल वापरता का मॅडम?" ते म्हणाले. "हे दुरुस्त करा. नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल."

काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की दादाचा टेम्पो. मी ट्रिगर पिशवीत टाकून दुकान गाठलं. काकांसमोर आधीच एक गिऱ्हाईक तणतणत होतं. उंच, चष्मेवाला, बाह्यांवर पांढरी भुकटी सांडलेली.

"मी हातसुद्धा लावत नाही आणि उडतो," तो सांगत होता. "समोर कवळी ठेवलेली असते हो. अचानक उजेड पडला, की ती आपल्याकडे बघून हसतेय असं वाटतं."

मला हसू आवरलं नाही. त्याने रागाने वळून बघितलं, तेव्हा मी पिशवीतून माझी डबी काढून त्याच्या डबीशेजारी ठेवली. तोच मेक, तोच रंग.

"माझाही उडतो," मी म्हटलं.

काकांनी दोन फ्लॅश मांडले आणि त्याच्या डबीचं बटण दाबलं. दोन्ही उडाले. मग माझ्या डबीचं दाबलं. तरी दोन्ही उडाले.

तो दात बनवणारा होता. डॉक्टर लोक साचे पाठवतात, हा त्यांच्यावरून कवळ्या नि दात घडवतो, आणि रंग शेजारच्या दातांशी जुळतो का हे बघायला प्रत्येकाचा फोटो काढतो. आणि बसतो कुठे, तर आमच्याच मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या खिडक्यांच्या मध्ये चार पाइप आणि थोडी हवा, एवढंच. त्याच्याही खिडकीवर काळं कापड.

"म्हणजे सकाळी तीनदा..." मी विचारलं.

"रंग बरोबर येतोय का बघायला. ते माझंच."

"आणि संध्याकाळी एकदा?"

तो चष्मा पुसायला लागला. "ते... माझाही दिवा दिवसभर असा मधेच उडायचा ना. सवय झाली होती. मग निघताना मी एकदा उडवायचो. अच्छा म्हणून. कुणाला, ते माहीत नव्हतं."

भूतरावांचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण लाज वाटली.

काकांनी कपाळाला हात लावला. या डब्या कारखान्यातून सगळ्या चॅनेल एकवर लावूनच येतात, म्हणे. इथे हे बारीक बटण आहे, एकाने दोनवर जावं की भांडण मिटलं. सोबतचा कागद कुणी वाचतच नाही हल्ली.

"मी जातो दोनवर," तो लगेच म्हणाला. "तुम्ही एकवर राहा."

त्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, थँक्यू.

परतताना पावसाची भुरभुर सुरू होती. छत्री एकच, त्याची, आणि ती त्याने आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यावर न धरता दोन्ही डब्या असलेल्या पिशवीवर धरली होती. माझ्या पापण्यांवर पाणी साचत होतं आणि मला ते पुसावंसं वाटत नव्हतं.

"दुपारी तुम्ही फार भराभर उडवता," तो म्हणाला.

"चपला असल्या की भराभर होतं. नाडीचे बूट असले की वेळ लागतो."

"मला वाटायचं, पलीकडे कुणीतरी रागीट माणूस आहे."

"आहेच."

"हो... बघतोय," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

आमच्या फाटकापाशी त्याची वाट मागच्या इमारतीकडे वळली. त्याने माझी डबी शर्टाच्या टोकाला पुसून माझ्या हातात दिली. येतो, तो म्हणाला. बरं, मी म्हटलं. नंबर त्याने मागितला नाही, मीही दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा दिवा अगदी शहाण्यासारखा वागायला लागला. मी दाबलं की उडायचा, नाही दाबलं की गप्प. फोटो एकापेक्षा एक. साहेब खूश. आणि मी सकाळी पहिला बूट मांडून स्टँडकडे बघत बसायचे. संध्याकाळी कुलूप लावताना हात रेंगाळायचा, मग आठवायचं. एकदा खिडकीवरच्या कापडाचा कोपरा वर करून बघितलं. पलीकडे त्याचं काळं कापड तसंच होतं. सरळ त्याच्या दारात जावं, तर कारण काय सांगणार? माझे दात बत्तीसच्या बत्तीस धडधाकट आहेत.

आईचा फोन आला. आवाज असा का येतोय, सोबतीला कुणी आहे ना? भरपूर माणसं आहेत, हे काही त्या दिवशी तोंडातून निघेना. काम आहे गं, म्हणून मी फोन ठेवला.

मग साहेबांनी बातमी दिली. फोटो आवडले होते, आता सगळं काम मलाच. फक्त त्या लोकल डबीवर त्यांचा विश्वास नव्हता. कॅमेऱ्याच्या कंपनीचाच ट्रिगर घ्या, बिल आम्ही भरतो. दुसऱ्या दिवशी मी खोली न उघडता सकाळीच दुकानात गेले. काकांनी काचेच्या कपाटातून खोकं काढलं. डबी जड, गुळगुळीत, हातात घेतल्यावर सोडू नये अशी.

"याची मजा काय सांगू," काका रंगात आले. "हा फक्त आपल्याच दिव्याशी बोलतो. दुसऱ्या कुणाचा इशारा आत शिरणारच नाही."

"कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही. एकदा लावलास की निर्धास्त."

मी ती डबी हातात घेऊन बराच वेळ उभी होते. दादाकडे मी जे जे मागितलं होतं, ते सगळं त्या खोक्यात होतं.

"नको काका," मी म्हटलं.

"अगं, पैसे तर ते लोक देतायत ना?"

"तरी नको."

मी जवळजवळ धावतच खोलीवर आले. खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता माझी स्वस्तातली डबी दोनवर नेली, दिवाही दोनवर लावला आणि बटण दाबलं. तीनदा, त्याच्यासारखं. मग वाट बघितली.

काहीच नाही.

पुन्हा तीनदा दाबलं. या वेळी तो नक्की जागेवर असायचा, मला त्याचा दिवस पाठ होता. दाबत राहिले, दाबत राहिले, शेवटी फ्लॅश तापून त्याला वास यायला लागला. मग कळलं. त्याने कंपनीचा घेतला असणार. त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल, निर्धास्त व्हाल म्हणून. मी डाव्या बुटांच्या रांगेशेजारी जमिनीवर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

दारावर टकटक झाली. माझं दार कुणी वाजवत नाही, पार्सलवालाही खालूनच हाक मारतो. डोळे पुसून उघडलं, तर तो. जिने चढून धाप लागलेली, बाह्यांवर ती पांढरी भुकटी, हातात डबी.

"तुमचा... बिघडलाय का?" त्याने विचारलं.

"का?"

"मी सकाळपासून एकवर दाबतोय. तीनदा दाबलं, मग परत तीनदा. उत्तरच नाही." त्याने डबी या हातातून त्या हातात घेतली. "म्हटलं, तुम्ही कंपनीचा घेतलात वाटतं. मग म्हटलं, घेतला असेल तर... निदान तोंडाने अच्छा म्हणून यावं."

मी माझी डबी त्याच्यापुढे धरली. तिच्यावरचा आकडा त्याने वाचला, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पुन्हा आकडा वाचला.

"तुम्ही दोनवर काय करताय?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला शोधत होते."

तो उंबऱ्यातच बसला. मीही बसले. हसायला कुणी आधी सुरुवात केली ते सांगता येणार नाही, पण थांबायला आम्हाला बराच वेळ लागला.

"मी उत्तर दिलं असतं तर?" मी विचारलं. "तर काय केलं असतंत?"

त्याने खरंच विचार केला. "तर तिथेच खूश होऊन बसलो असतो. अजून पुष्कळ दिवस."

"वर आला नसतात?"

"धीर झाला नसता," तो म्हणाला. "तुमची फार आठवण येत होती, पण धीर होत नव्हता." आणि मग, माझ्या मागे नजर टाकून, "सगळे डावेच का हो?"

"उजवे कंपनीतच असतात."

"बिचारे," तो म्हणाला आणि रुमाल माझ्यापुढे धरला. त्यावरही भुकटी होती, माझ्या नाकाला पांढरा डाग पडला, आणि तो त्याने बोटाने पुसला.

आता आम्ही दोघंही एकवर आहोत. साहेबांना सांगितलं आहे की लोकलचं आणि माझं जमतं, फोटो वेळेवर मिळाल्याशी मतलब. एखादा काळा येतो, मी पुन्हा काढते. आईने विचारलं तेव्हा म्हटलं, "एक जण आहे." पलीकडून इतके प्रश्न आले, की माझा डबा खायचा राहिला.

संध्याकाळी दिवा अजूनही एकदाच उडतो. उडाला की मी कॅमेरा बंद करते आणि एवढ्या सगळ्या डाव्या बुटांमधून माझ्या स्वतःच्या दोन चपला शोधून पायात घालते. तोवर जिन्यात त्याची पावलं ऐकू येतात.