एकोणतीसचा पाढा

फाटकाशी उभा असलेला माणूस डोळे मिटून पाढा म्हणत होता.

अंजनाबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मूल गावाच्या अलीकडे, सागवानाच्या जंगलाला लागून असलेल्या त्या वृद्धाश्रमात स्वतःशी बोलणारी माणसं काही कमी नव्हती. पण हा नवा दिसत होता. धोतर स्वच्छ, हातात कापडी पिशवी...

"एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस... एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर..."

सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात देत त्या उठल्या आणि हळूहळू फाटकापर्यंत गेल्या.

"काय जी, तब्येत बरी हाय नं?"

"एकोणतीस सत्ते दोनशे तीन." त्यानं डोळे उघडले. "सातवर आलात तुम्ही. मी 'कोणी आहे का' म्हणून हाक मारली होती. घड्याळ बंद पडलंय, म्हणून पाढ्यानं वेळ मोजतो."

"मी तं इथली म्हातारी हाय. ज्याचं येण्याचं काम हाय तो जेवून झोपला."

"म्हणजे त्याच्यासाठी तिसाचा घ्यावा लागेल?"

अंजनाबाईंना हसू आलं. इतक्या दिवसांनी आलं, की त्यांनी घाईघाईनं पदर तोंडाशी नेला. जणू चोरीच केली होती!

हरिदास रामटेके गुरुजी कोरपन्याच्या शाळेतून निवृत्त झाले होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मागच्या पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले. शेजारीपाजारी सगळे शेतावर. हाका मारता मारता दुपार उलटून गेली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, की हाक मारली तर कोणी येईल अशी जागा शोधायची. ही जागा कशी आहे ते बघायला ते आले होते.

"नीट दाखवा बरं त्यायले," व्यवस्थापक श्रावणभाऊ अंजनाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले. "बाप्यामाणसायच्या खोलीत एक खाट रिकामी हाय. चांगलंच सांगजा."

अंजनाबाईंनी खोल्या दाखवल्या, विहीर दाखवली, चूल दाखवली. गुरुजी वहीत गुण लिहीत होते.

"वरणाला दहापैकी किती देऊ?"

"पाच. पाणी जास्त असते."

"आणि वाट दाखवणाऱ्या बाईंना?"

"ते तुमच्या वहीत नोको जी," अंजनाबाई म्हणाल्या. त्या पुढे चालू लागल्या, पण कान मात्र गरम झाले होते.

गुरुजी पंधरा दिवसांनी पुन्हा आले. मग पुन्हा. दरवेळी म्हणत, अजून तपासणी पूर्ण झाली नाही. पिशवीतून कधी बोरं निघत, कधी भाजलेले हरभरे, आणि एकदा तर पाटीच निघाली.

"पाढे येतात?"

"पाचापर्यंत. मंग बापानं शाळा सोडवली."

"मग सहापासून सुरू करू. घाई नाही आपल्याला."

त्यांनी शिकवलंही तसंच, न रागावता. चुकलं की म्हणत, "छान! आता कुठं चुकतं ते कळलं." पाटीवरचा आकडा पुसताना एकदा दोघांची बोटं एकाच आकड्यावर आली... आणि तो आकडा बराच वेळ पुसला गेलाच नाही.

अंजनाबाईंचे मालक माजरीच्या खाणीत होते. ते गेले, क्वार्टर गेलं, आणि पुतण्या त्यांना इथे आणून सोडून गेला. त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत त्यांना भेटायला कोणी आलं नव्हतं. आता मात्र पंधरवडा मोजायला त्यांच्याकडे कारण होतं.

पौषातल्या एका सकाळी गुरुजींनी वही उघडली आणि पेन अंजनाबाईंकडे वळवलं.

"शेवटचा प्रश्न. हाक मारली तर इथं कोणी येतं का? तुम्ही सांगाल ते लिहीन. हो म्हणालात, तर परवा ट्रंक घेऊन येतो."

एक 'हो'... एवढंच तर म्हणायचं होतं. मग रोज सकाळी पडवीत हा माणूस, ही पाटी. आणि 'नाही' म्हटलं, तर तो पंधरवड्यालासुद्धा कशाला येईल?

अंजनाबाईंनी पडवीतूनच आपल्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेकडे पाहिलं. तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"तिथी मीराबाई राहे," त्या म्हणाल्या. "मांगच्या उन्हाळ्यात आमी दोघीबी तापानं फणफणलो होतो. भरदुपारी हाका मारून राह्यलो होतो. पह्यले दोघी. मंग मी एकटीच... वाईट कोणी नाई जी इथी. कामाले एक माणूस अन् आमी बावीस. तो तरी किती जागी पुरंल? पण तवा मले पाढे येत नव्हते, गुरुजी. आता येतात. आता वाटते, तुमचा एकोणतीसचा पाढा शंभर खेपा झाला असता."

गुरुजींनी वही मिटली. बसची वेळ झाली होती.

माघ गेला. गुरुजी आले नाहीत. फागुन लागला, जंगलात मोहाचा वास सुटला. दुपारी सगळा आश्रम निजला, की अंजनाबाई पडवीत बसून हळूच "कोणी हाय का?" म्हणत आणि मनात पाढा सुरू करत. दोनशे नव्वदपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून. खरं बोलल्याचा पस्तावा नव्हता. फक्त पाटी उशाशी घेऊन झोपायची सवय लागली होती.

आणि एका सकाळी फाटकाशी धोतर दिसलं. ट्रंक नव्हती.

"जयभीम, अंजनाबाई. कोरपन्याला चलता?"

"काऊन?"

"माझं घर तपासायला. दोन महिने सारवलं, भिंतींना पोतारा दिला, अंगणातलं शेवाळ खरवडलं. आता गुण तुम्ही द्यायचे."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकांना पाढे म्हणायला लावू की! जन्मभर तेच केलंय मी."

दोन बस बदलून दोघं कोरपन्याला पोचले. घर लहानच होतं, चुलीपाशी ओल्या शेणाचा वास. अंजनाबाईंनी गुरुजींना परसात पाठवलं, आतल्या खाटेवर बसल्या आणि हाक दिली, "गुरुजी! ...एकोणतीस एके—"

गुरुजी दारात. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, हातावरून पाणी ठिबकतंय.

"पास?"

"बसा चुपचाप," त्या म्हणाल्या. "तुमचं झालं. अन् तुमी हाक मारली तं? ते कोण तपासंल? जा परसात."

गुरुजी जागचे हलेनात. "काय म्हणून हाक मारू?"

अंजनाबाई लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. "नावातलं बाई काढून टाका..."

थोड्या वेळानं परसातून हाक आली. शाळेचं मैदान गाजवलेला तो आवाज आज अगदी बारीक झाला होता.

"अंजना..."

गुडघे लवकर उठू देईनात. त्या भिंतीला धरून, चुलीला वळसा घालून निघाल्या. बाहेर पाढा सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. "एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." आणि मग काहीच नाही. पुन्हा "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." पुन्हा शांत.

अंजनाबाई दारात पोचल्या. चाळीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतलेले गुरुजी विहिरीपाशी उभे होते. डोळे मिटलेले, आणि पुढचा आकडा काही केल्या आठवत नव्हता.

"सत्त्याऐंशी," त्या म्हणाल्या. "आले मी."