आधी वाजलेली करवत

खर्रर्र... टण्ण. हा आवाज पहिल्यांदा ऐकून बारा वर्षं झाली, पण वखारीतल्या करवतवाल्याच्या कानातून तो अजून गेलेला नाही. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस, पोरांनो. खोटं बोलणं त्याला जमतच नाही.

त्या बुधवारी रात्री नऊला दहा कमी असताना तो विसरलेला चष्मा आणायला वखारीत परतला. मेन स्विच बंद, करवत गार. चष्मा खिशात घालतो न घालतो, तोच अंधारात करवत फिरायला लागली. पातं लाकडात शिरलं, लोखंडावर आपटलं, तुटलं. आणि धाकट्याची हाक आली, "दादा..."

त्याने दिवा लावला. कोणी नव्हतं. पातं अखंड.

धाकटा म्हणजे त्याचा पाठचा भाऊ. हा ओंडका ढकलायचा, तो पलीकडून फळी ओढायचा. पातं तुटलं तर पहिला तोच सापडणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. करवत बंद ठेवावी, तर मालकाला सांगणार काय? सकाळी त्याने ओंडके स्वतः सोलले. झाडात जुना खिळा असला की लाकडावर काळा डाग दिसतो. डाग नसला की खडूची फुली, आणि फुली पडली की पुन्हा बघायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. डाग कुठेच नव्हता. तरीही त्याने धाकट्याला बाहेर साली गोळा करायला पाठवलं.

धाकटा हसला. "आज माझी बढती वाटतं?"

"जा म्हणतो ना."

तिसरा ओंडका. फुलीचा. पातं निम्म्यात गेलं...

खर्रर्र... टण्ण.

पातं सुटलं. याच्या डोक्यावरून गेलं. पत्र्याची भिंत फाडून बाहेर.

"दादा..."

धाकटा उताणा पडला होता. खांद्यापासून बरगडीपर्यंत चिरलेला. याने दोन्ही हातांनी ती जखम मिटू पाहिली, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी. रक्त थांबेना.

मग थांबलं.

त्या रात्रीचं तो कोणाजवळ बोलला नाही. महिन्याने भावजय आली. नवऱ्यासाठी घेऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला कोरा शर्ट तिने त्याच्यापुढे उलगडला. दुकानातल्या टाचण्याही निघाल्या नव्हत्या. खांद्यापासून बरगडीपर्यंत चीर. कडांना ओला भुसा. रक्ताचा थेंब नाही.

"त्या दिवशी यांना बाहेर कोणी पाठवलं, भाऊजी?"

"...मी."

ती शर्ट तिथेच ठेवून उठली, आणि निघून गेली.