वरच्या वाडीतून तीन ठोके

त्या दुपारी मी गावच्या बैठकीच्या खोलीत गेले ते कर्ण्याची बॅटरी बघायला. फेब्रुवारी होता, सकाळपासून बर्फ पडत होता. कोरियातल्या आमच्या गांगवॉनच्या डोंगरात बर्फाने जोर धरला की आधी वीज जाते, मग मोबाईल मुके होतात. उरतो तो खांबावरचा कर्णा. गावप्रमुख म्हणून त्यावर बोलायचं काम माझं.

ते काम मी एकदा वाईट केलं होतं. ते आधी सांगते.

आदल्या एप्रिलात वणवा आला. कचेरीतून आलेला कागद मी जसाच्या तसा वाचला : 'नागरिकांनी स्थलांतराच्या तयारीत राहावे.' दोनदा वाचला. मग वारा फिरला, तार जळाली आणि 'निघा' म्हणायला कर्णाच उरला नाही. वरच्या वाडीत सामवल आजी एकटी राहायची. तिच्या शेजारचा जोंगपिल आपल्या आईला ट्रॅक्टरवर घालून खाली आणत होता, तेव्हा ती ओट्यावर बसलेली त्याने पाहिली. अंगात ठेवणीतला कोट, मांडीवर गाठोडं. तो म्हणाला, चल आजी. ती म्हणाली, "प्रमुखबाई तयार राहा म्हणाल्यात. निघा म्हणतील तेव्हा निघेन." आईला खाली सोडून तो उलट फिरला, तोवर रस्ता पेटला होता. आजी त्यात गेली.

त्यानंतर मी कागद वाचणं सोडलं. आपल्या बोलीत बोलायचं, एकेका घराचं नाव घ्यायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर म्हणजे पातेल्याच्या झाकणावर ठोका. सगळं ठीक असेल तर एक. मदत हवी असेल तर तीन.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला वीज गेली. उजेड असा राखी झाला, की समोरचं अंगणही दिसेना. जोंगपिल ट्रॅक्टरने रस्ता मोकळा करून नुकताच आत येऊन हात शेकत बसला होता. मी एकेक नाव घ्यायला लागले. बर्फातून दबके ठोके येत राहिले. मानबोक आजोबांनी दोनदा वाजवलं. दोनचा अर्थ आम्ही ठरवलेलाच नव्हता. जोंगपिल म्हणाला, दारू संपली असणार म्हाताऱ्याची.

अकरा घरं झाली. मी माईक बंद करणार, तेवढ्यात...

ठण्. ठण्. ठण्.

वरून. डोंगराच्या अंगाने.

वरच्या वाडीत एप्रिलपासून कुणी राहत नव्हतं. राहायला घरच नव्हतं एकही. जोंगपिलने माझ्याकडे पाहिलं नाही. मी माईक तोंडाशी धरला आणि विचारलं, "वर कोण आहे?"

पुन्हा तीन. सावकाश. म्हातारं माणूस दोन ठोक्यांमध्ये दम घेतं, तसे. आणि बंद खोलीत, कुठूनसा, जळक्या पाइनचा वास आला.

"ताई... जायचं?" जोंगपिलने हळूच विचारलं.

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. पण तीन म्हणजे मदत, हे मीच गावाला शिकवलं होतं.

ट्रॅक्टरला बर्फ लोटायचं पातं लावलेलंच होतं. वाट दिसत नव्हती, आम्ही आवाजावर चाललो. वळणावर चुकलो की ठोके डावीकडून यायचे, मग आम्ही डावीकडे वळायचो. सामवल आजीच्या घराची एक भिंत तेवढी उभी होती. तिच्यापाशी पोचलो आणि ठोके थांबले.

भिंतीच्या आडोशाला एक माणूस पडला होता. तार बघायला पायी आलेला वायरमन. घोटा मोडलेला, भुवयांवर बर्फ साचलेला, पण जिवंत. त्याचे दोन्ही हात कोटाच्या आत होते. मी ते बाहेर काढले. बोटं पांढरी पडून ताठली होती. त्या बोटांनी त्याला गुंडीसुद्धा धरता आली नसती.

मी विचारलं, कशावर वाजवत होतास?

"मी नाही... आजी वाजवत होत्या. मला झोपू देईनात. म्हणाल्या, बोलावतील आता, जागा राहा." आम्ही त्याला उचलून ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत ठेवलं. त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "काकू, त्यांना नाही घेत?"

जोंगपिलने ट्रॅक्टर वळवला. मी त्याच्या अंगावर माझा कोट टाकला.

खाली आणून त्याला, खालून जाळ घालून तापवलेल्या जमिनीवर निजवलं, पाय बांधला, घोट घोट जवाचा चहा पाजला. तासाभरात त्याच्या बोटांना रंग आला. दुखतंय म्हणून तो रडला, आणि ते रडणं ऐकून आम्हाला हायसं वाटलं. एकही बोट गेलं नाही त्याचं. ह्यॉनगु नाव. आता गावातल्या म्हाताऱ्या त्याला सोयरीक सुचवून भंडावून सोडतात.

पण त्या संध्याकाळी त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. अजून थोडा उजेड होता. मी माईक उचलला.

"सामवल आजी, मी बोलतेय. तेव्हा सांगायचं राहिलं... चुकलं माझं. आता निघा. खाली या. खोली गरम आहे."

बर्फ पडत राहिला. ह्यॉनगु उठून बसला.

मग ठोका. एकच.

वरून नाही. आमच्या दाराबाहेरून.

जोंगपिलने दार सरकवलं. बाहेर कुणी नव्हतं. अंगणात आमच्या येण्याच्या खुणाही बुजल्या होत्या, गुडघाभर बर्फ अगदी शाबूत. फक्त उंबऱ्यासमोरच्या, चपला काढायच्या दगडावर दोन जागा कोरड्या होत्या. लहानशा, पावलांएवढ्या. चवडे खोलीच्या बाजूला.

मी वाकून तळवा टेकला. दगड कोमट होता.

त्याला दोन हिवाळे झाले. बर्फ कितीही पडो, त्या दोन जागांवर तो अजून ठरलेला नाही.