चौथ्या पावलावरचा घास

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. आशालता गुप्ते मिक्सरच्या पात्याला धार लावून घेऊन उरण नाक्यावरून घरी निघाल्या होत्या. दुपारचे बारा वाजलेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चालता चालता बाई एकदम थबकल्या. कोळशावर मटण भाजल्याचा वास आला होता.

तुम्हाआम्हाला यात नवल वाटायचं नाही. पण नवरा गेल्यापासून तीन वर्षं आशालताबाईंच्या नाकाला वास नव्हता की जिभेला चव. डॉक्टर झाले, काढे झाले. मटणाचा रस्सा आणि कोमट पाणी त्यांना सारखंच. एके काळी नुसत्या वासावरून कालवणात मीठ कमी आहे हे सांगणारी ही बाई आता घड्याळाकडे बघून जेवत होती.

वासाच्या मागोमाग त्या एका नव्या पाटीखाली आल्या. ‘हॉटेल इस्तंबूल, खास तुर्की जेवण’. मालक जमाल मोहल्ल्यातलाच, जेद्दाच्या एका तुर्की हॉटेलात बारा वर्षं भट्टीपुढे राबून परत आलेला. आत दहा टेबलं, लख्ख पुसलेली. गिऱ्हाईक एकही नाही.

बाई थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. जमालची बायको शरीफा कबाब उतरवत होती.

“बसा ना बाई, आणून देते,” ती म्हणाली. पण बाईंचा चेहरा बघून तिनं तिथंच गरम रोटीचा तुकडा तोडला, त्यावर कबाब आणि लाल पूड भुरभुरलेला कांदा ठेवून हातात दिला.

आधी आंबट लागलं. आमसुलासारखं, पण कोरडं. मग धूर, मग तिखट, मग चरबीचा गोडवा. आशालताबाई दाराची चौकट धरून रडायला लागल्या.

डोळे पुसून त्या टेबलाशी बसल्या. शरीफानं भरलेली प्लेट आणून ठेवली. बाईंनी अधाशासारखा घास घेतला, आणि तोंडात भिजका पुठ्ठा चघळावा तसं झालं. मघाचं काहीच नाही. कांदासुद्धा लागेना.

जमाल समोर येऊन उभा होता. “चव नाही ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सगळे हेच म्हणतात, बाई. आत चाखलं तर मस्त, टेबलावर आलं की मिट्टी. शुक्रवारी बंद करतोय. पुन्हा जेद्दा, दुसरं काय.”

शरीफा हळू आवाजात म्हणाली, “या जागेत काहीतरी आहे, बाई. आमच्याआधी कितीतरी वर्षं कुलूप होतं इथं. आम्ही फातिहा पढली. कोपऱ्यात भरलेलं ताट ठेवलं. तर दुसऱ्या दिवशी बरणीतल्या मिठालासुद्धा चव राहिली नाही… त्याची भूक वाढतेय.”

बाईंनी समोरची प्लेट बाजूला सारली. उठून आत गेल्या, ताजी प्लेट भरून घेतली आणि बाहेर निघाल्या. एक पाऊल, एक घास. चव होती. दुसरं पाऊल. होती. तिसऱ्याला जरा पुसट. चौथ्या पावलावर, छतातल्या तुळईच्या बरोबर खाली, तोंडातला घास मेला. मानेला गार लागलं. बंद कोठारातल्या कुबट धान्याचा वास आला. आणि अगदी कानाशी कुणीतरी मचमच करून गिळलं.

दार समोर होतं, बाहेर ऊन होतं. पळून जाता आलं असतं. पण पळून जायचं कुठं? घरी त्या बेचव भाताकडे? तीन वर्षांनी आपल्याला एक घास मिळाला होता, आणि तो कुणीतरी आपल्या तोंडातून ओढून नेत होतं. भीतीच्या खालून संताप वर आला.

“जमालभाई, खुर्ची इथं ठेवा.”

“बाई, तिथं नको…”

“ठेवा म्हणते ना!”

त्या बसल्या. दोन्ही हातांनी प्लेट छातीशी धरली आणि खायला लागल्या. एक घास, दोन, पाच. सगळे माती. कानाशी मचमच वाढत गेली, जवळ येत गेली. भरदुपारी दिवे मालवल्यासारखी खोली अंधारली. शरीफा पुटपुटत दुआ मागत होती.

“आण अजून,” बाई भरल्या तोंडानं म्हणाल्या.

दुसरी प्लेट आली. तिसरी. पोट फुटायला आलं तरी त्या थांबेनात. मग त्यांच्या खालच्या ओठावर काहीतरी टेकलं. गार… ओलसर… बोटासारखं. ते दातांच्या फटीतून आत शिरलं आणि जिभेवरून घास खरवडून काढायला लागलं.

आशालताबाईंनी डोळे मिटले, आणि कडकन दात आवळले.

कुठूनतरी एक बारीक, लांब किंकाळी आली. तोंडातलं ते वळवळलं, हिसके मारू लागलं. बाईंनी सोडलं नाही. कपाळावरच्या शिरा तटतटल्या. आणि मग, दुसरा इलाज नव्हता म्हणा किंवा राग तेवढा होता म्हणा, त्यांनी ते गिळलं.

खोलीत ऊन परत आलं. आणि जिभेवर सगळं एकदम उसळलं. आंबट, धूर, मिरची, चरबी!

“लागतंय!” बाई खुर्चीवरून ओरडल्या. “जमालभाई, लागतंय! खाऊन बघा!”

जमालनं टेबलावरच्या प्लेटमधला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

शुक्रवारी हॉटेल बंद झालं नाही. दिवाळीपर्यंत बाहेर रांगा लागल्या, कर्नाळ्याला जाणाऱ्या गाड्या मुद्दाम थांबायला लागल्या. आशालताबाईंचं खिडकीजवळचं टेबल मात्र कायम राखलेलं. बाईंना तर नवा जन्मच मिळाला. स्टेशनजवळचं मल्याळी दुकान, सिंध्याचं पापड-लोणच्याचं दुकान, गोव्याच्या माणसाची बेकरी, एकही त्यांनी सोडलं नाही. एक गंमत तेवढी व्हायची. कधी न खाल्लेला पदार्थ पुडीत असतानाच त्याची चव त्यांच्या जिभेवर उतरायची. पुडी सोडून खाल्लं की तंतोतंत तीच. बाईंना त्याचं कौतुक वाटायचं.

ईदेच्या दिवशी त्या शीरखुर्मा खायला गेल्या. “तुमच्यामुळं आम्ही इथं आहोत, बाई,” म्हणत शरीफानं त्यांना घट्ट मिठी मारली. तिचा गाल बाईंच्या ओठांना लागला.

आणि जिभेवर एक चव उतरली. कोमट, खारट, शेवटी किंचित गोड. कुठल्याच दुकानात न मिळालेली.

“काय झालं, बाई?”

“काही नाही ग,” आशालताबाई म्हणाल्या, आणि तोंडात आलेलं पाणी त्यांनी हळूच गिळलं.