पिवळ्या नकाशातली लाल पथारी

पहिली शिंक ऐकू आली तेव्हा रिम्शाने मान वळवूनही पाहिलं नाही. उघड्या मैदानावर मिरची वाळत घातलेल्या पथारीवर नवखा माणूस आला की शिंकणारच. पण पाचवी झाली, सातवी झाली... आणि अकराव्या शिंकेला भुरीबाईने हातातली पाटी खाली ठेवली. दर हंगामात धडगावकडून येणारी भुरीबाई पथारीवरची सगळ्यात जुनी मजूर, आणि सगळ्यात तोंडाळ.

"रिम्शा, देख व! तो पोऱ्या मरी जाई!"

कुंपणापाशी एक उंच मुलगा उभा होता. एका हातात गुंडाळलेला नकाशा, दुसऱ्या हातात रुमाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी. रिम्शाला हसू आवरेना. तिने डब्यातला गुळाचा खडा त्याच्यापुढे धरला.

"चघळा. आणि डोळे चोळू नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत रडत बसाल."

"थँक्यू... मी सकलैन, शहाद्याचा. गावाच्या विकास आराखड्याचं... आक् छी! सर्वेक्षण करतो."

"आक्-छीसाहेब, आधी बसा."

तो बसला. मुलाला इतक्या लांब पापण्या कशाला हव्यात, असं तिला उगीचच वाटून गेलं. मग तिची नजर उलगडलेल्या नकाशावर पडली.

"हे पिवळं काय?"

"घरांसाठीची जागा."

"आणि आमची पथारी?"

त्याने नकाशा पाहिला, भोवती पसरलेली लालभडक मिरची पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. "इथे तर... रिकामी जागा लिहिलंय."

"कोणी लिहिलं?"

"मीच," तो हळूच म्हणाला. "जुलैत ड्रोन उडवला तेव्हा नुसतं गवत होतं."

रिम्शाचं डोकंच फिरलं. जागा भाड्याची. घरांचा पट्टा ठरला की मालक प्लॉट पाडणार, अब्बांची पथारी उठणार आणि भुरीबाईसकट साठ बायांचं काम जाणार. "भर पावसाळ्यात मिरची वाळत घालतात का? शहाद्याचे ना तुम्ही? माझा गूळ परत द्या!"

"तो तर... खाल्ला."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, हरकतीचा फॉर्म घेऊन. तिसऱ्या दिवशी तो भरायला शिकवायला आला. चौथ्या दिवशी कोपरा मोजायला आला आणि सहाव्या दिवशी तोच कोपरा पुन्हा मोजायला.

"कोपरा वाढी ऱ्हायना का रे भाऊ?" भुरीबाईने विचारलं, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रिम्शाने ओढणी सावरली. गाल तापले होते... उन्हानेच, दुसरं काय!

पण हरकतीवरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याने कोपरा मोजायला घेतलाच नाही.

"उद्या सांगाल ना, सर्वेक्षण जुलैतलं होतं म्हणून?" तिने विचारलं.

"आमच्या सर्वेक्षण एजन्सीने सांगितलंय, आपली चूक निघेल असं बोलायचं नाही. नोकरी लागून सहा महिने झालेत, रिम्शा."

पहिल्यांदाच त्याने तिचं नाव घेतलं होतं, आणि तेही अशा वाक्यात. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ती मिरची उलटवायला निघून गेली.

सुनावणीला सभागृह खचाखच भरलं. बायका सगळ्यात पुढे बसल्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ड्रोनचा फोटो पडद्यावर लावला. हिरवं गवत, बाकी काही नाही.

"इथे पथारी दिसत नाही," साहेब म्हणाले.

रिम्शा उठली. आवाज खणखणीत निघाला. "साहेब, हा फोटो पावसाळ्यातला आहे. तेव्हा मिरची वाळत नाही, कुजते. आज ड्रोन उडवा आणि पाहा!"

"पावसाळ्यातला कशावरून?"

रिम्शाने मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं... तरी पाहिलंच.

सकलैन उभा राहिला. "मी सांगतो, साहेब. बावीस जुलैला मीच उडवला होता. हंगाम विचारायला हवा होता, विचारला नाही. चूक माझी." त्याने पेनड्राइव्ह पुढे केला. "आज सकाळी पुन्हा उडवलाय."

पडदा लाल झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल!

"आते दिसनी का?" भुरीबाई ओरडली, आणि टाळ्या थांबेनात. साहेबांनी दोनदा चष्मा पुसला आणि शेरा लिहिला: पथारीची जागा कायम ठेवण्याची शिफारस.

बाहेर पायरीवर रिम्शाने त्याला गाठलं. "नोकरी?"

"नोटीस येणार." तो हसला. मग मोबाइल काढला. लाल फोटोच्या मधोमध एक हिरवा ठिपका होता. तिची ओढणी! "हा ठिपका मोठा करून फक्त मीच पाहिला..." आणि त्याची ऑफिसातली मराठी अचानक संपली. "रिम्शा... तू माले आवडस."

खाली बघत ती म्हणाली, "माले बी."

"मग... घरी येऊ? अब्बांना भेटायला?"

"घरी नाही. पथारीवर ये. आणि न शिंकता बोलायचं."

तो शुक्रवारी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. रिम्शाचे अब्बा, वाहिदभाई, पोत्यावर बसले होते. सकलैनने सलाम केला, श्वास कोंडला, "अब्बा, मी तुमच्या..." म्हणाला, आणि अकरा शिंका दिल्या.

रिम्शाने ओढणीत तोंड लपवलं. वाहिदभाईंनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग तिच्या डब्यातला गुळाचा खडा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.