घरपोच मोफत

जामच्या फाट्यावर वर्षाली एसटीतून उतरली ती काखेत पार्सल मारून. ऑर्डर इंटरनेटवरून आली होती खरी, पण गिऱ्हाईक निघालं शेजारच्या जामचं! टपालानं पाठवलं असतं तर पार्सल वर्ध्याला फिरून आलं असतं आणि नफा टपालखर्चातच गडप झाला असता. त्यापेक्षा एसटीचं तिकीट स्वस्त.

समुद्रपूरच्या सायबर कॅफेत बसून वर्षाली तान्ह्या बाळांची दुपटी विकायची. जुन्या मऊ सुती लुगड्यांची, हातानं टाके घातलेली. बरं चाललं होतं हो! पण हल्ली कुणीतरी मेल्यानं निम्म्या किमतीत दुपटी लावली होती, वर ‘घरपोच मोफत’. गिऱ्हाइकं भराभरा तिकडं वळली. आई, आनंदाबाई, बजावून चुकल्या होत्या : दिवाळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर हिंगणघाटच्या स्थळाला होकार कळवायचा.

“प्रफुल कोण?” पार्सलवरच्या पत्त्यावर, महादेवरावांच्या चहा-किराण्याच्या दुकानात, तिनं विचारलं.

गल्ल्यावरचा त्यांचा उंच, सावळा पोरगा धडपडत उठला. सुटे पैसे हातात तसेच धरून तो तिच्याकडं बघतच राहिला.

“मी... म्हणजे मीच.”

“हे तुमचं दुपटं. अन् हा टपालखर्च वापस घ्या.”

“तुमी... स्वतः आल्या?” त्यानं घाबरून मागं पाहिलं. तिनंही पाहिलं. मागं दुपट्यांची चळत, आणि प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी – ‘घरपोच मोफत’.

वर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अच्छा! म्हणजे ते तुमीच! माह्या धंद्याचं वाटोळं केलं, अन् आता नक्कल कराले माहंच दुपटं मागवून राह्यले?”

“नाई हो, आईशप्पथ!”

“मंग काऊन मागवलं?”

आतून बाळ रडलं. प्रफुलनं मान खाली घातली.

“रुचिकाताई बाळंतपणाले आली आहे. माह्या दुकानातलं दुपटं अंथरलं, तं पोराच्या अंगावर पुरळ उठलं... भाच्याले तुमचंच पाह्यजे होतं.”

तिला हसू फुटत होतं, पण ती कसली सोडते! “लोकाइच्या लेकराइले पुरळ चालते, अन् भाच्याले नाई?”

त्याचा चेहरा पार उतरला. “नाई चालत,” तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं कॅफेत पाहिलं, तर त्याची दुपटी साइटवरून गायब. आणि आठवडाभरात स्वारी स्कूटरवरून तिच्या दारात हजर!

“तुमचे टाके, माही पोचवणी,” तो म्हणाला. “ट्रकवाले आमच्याकडंच चहा पितात. नागपूरले, हैदराबादले गठ्ठा नेतात. तिथं आमचे नातेवाईक गावातल्या गावात टपालात टाकतीन. खर्च निम्म्यावर.”

“अन् तुमाले काय भेटन?”

“मले?... चहा.”

मग तो दर आठवड्याला यायला लागला. ती पार्सलला दोरी गुंडाळायची, तो गाठीवर बोट धरायचा. गाठ पक्की बसली तरी बोट काही लवकर निघायचं नाही... आणि खरं सांगायचं तर तीही जरा सावकाशच बांधायची. त्याचा दिवस आला की तिची नजर आपोआप रस्त्यावर जायची. आवडला होता तो तिला, अगदी मनापासून.

दिवाळी आली. ऑर्डरी इतक्या वाढल्या की आनंदाबाईंनी स्थळाचं नाव काढणंच सोडलं. पण भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी चहा देता देता बोलल्याच, “हिंगणघाटवाले अजून विचारून राह्यले, बाप्पा.”

प्रफुलचा चहा बशीत सांडला. त्या आत जायची खोटी, गाठीवर बोट धरून तो पुटपुटला, “एक ऑर्डर घेता का... जामची?”

“कोणासाठी?”

“माह्यासाठी.” तो कानापर्यंत लाल झाला होता. “दुपटं नाई... तुमीच. जन्मभरासाठी.”

वर्षालीनं दोरीवरची नजर हलवली नाही.

“हे पार्सल टपालात बसत नाई,” ती म्हणाली. “ट्रकवाल्याच्या हातीबी जात नाई.”

“मंग – घरपोच मोफत?”

“मोफत? वा रे वा! आईबाबाले घेऊन येजो, रीतसर मागजो. वाजतगाजत न्या लागते.”

येजो! तुमीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही. त्याला मात्र बरोबर कळलं. तो उठला तो थेट स्कूटरकडं पळाला, आणि पार्सल भसकन उलगडून दुपटी अंगणभर पसरली.

“अरे, कुठं चालला?” वर्षाली हसत ओरडली. “दोरी तं धर आधी!”